टेपात कोण बोललं

भांडणाऱ्या माणसापाशी किस्से फार साचतात. शांत माणूस विसरून जातो. मी कशाला विसरू? कुंभकोणमला मोठ्या माणसांचा रविवारचा वर्ग होता, तिथले हे. मी साक्कोट्टैचा शेतकरी. लहानपणी शाळा टिकली नाही. चाळिशीत ठरवलं, तमिळ वाचायला शिकायचंच. मास्तरांनी कुठून तरी टेपरेकॉर्डर आणलेला. आपण वाचायचं, आपणच ऐकायचं, चुकाही आपणच काढायच्या. वरून हुकूम आला: तपासणीत एकानं तरी न शिकवलेलं पान वाचलं तर वर्ग राहील, नाहीतर बंद. मी म्हटलं, तो एक मी.

*

इन्नंबूरचा गोविंदन वाचायचा ते नांगर धरल्यासारखं, खच्चून. मास्तरांनी एकदा त्याचा टेप मोठ्यानं लावला. बाहेर त्याची गाडी जुंपलेली. धन्याचा आवाज ऐकून बैल निघाले गावाकडे, आणि गोविंदन त्यांच्यामागे.

मास्तर म्हणाले, "उच्चार स्पष्ट आहेत."

*

टेप एकच. चोळपुरमचा विणकर मुत्तू, त्याच्या धड्यावर अर्ध्यापासून माझा धडा भरला गेला. लावून बघतो तर, "रोज सकाळी तोंड स्वच्छ धुवावं आणि त्यावर दोन टोपल्या शेणखत पसरावं."

मुत्तू म्हणाला, "आधी तू पसर, अण्णा."

*

पुढं माझा टेप ऐकून बाकीचे धडा बसवायला लागले. एके रविवारी एकेकानं वाचलं आणि प्रत्येकजण त्याच ओळीवर खोकला.

"इथं खोकला कुठं लिहिलाय?" मास्तरांनी विचारलं.

"पुस्तकात नाही, सर, अण्णांच्या टेपात आहे."

*

तपासणीच्या दिवशी साहेबांनी सकाळीच शिपायाबरोबर नवं पान पाठवलं. मी ते टेपावर वाचलं, कुठं अडलो नाही. दुपारी साहेब आले, ऐकलं, म्हणाले, "हा आवाज कोणा शिकलेल्या माणसाचा आहे. ह्यांना माझ्यासमोर पुन्हा वाचू दे."

"एकदा वाचलं. मी चोर आहे काय?"

मास्तरांनी हात जोडले. मी हललो नाही. तेवढ्यात बायको माझं ताक घेऊन आली. साहेबांनी तिलाच बसवून टेप लावला.

"अम्मा, हा तुमच्या यजमानांचा आवाज?"

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. "नाही, सर. इतका सबुरीचा माणूस आमच्या घरात नाही."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मास्तर खालीच बघत राहिले.

मी टेबलावरचं पान ओढलं, तिच्यासमोर उभा राहिलो आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत असं वाचलं की रस्त्यावरची माणसं थांबली.

"हं," ती साहेबांना म्हणाली, "हे आमचे."