सरांचा भोंगा

“डावीकडं! डावीकडं जा रे मुडद्या, तिकडं काय बिर्याणी वाटतायत?”

ओरडत होतो मी, पण हुकूम सरांचा होता. सौदीतल्या यान्बूला आमच्या कामगार कॅम्पामागच्या खडकाळ मैदानात शुक्रवारचा सामना चालला होता आणि सर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी दंडाला असा चिमटा काढला की मांस हातात यावं. मग कानाशी लागून, खरवडल्यासारख्या आवाजात म्हणाले, “मी फक्त ‘डावीकडे’ म्हणालो.”

“बिर्याणीशिवाय तो हलत नाही, सर.”

“जसंच्या तसं सांगायचं. एक अक्षर वाढवायचं नाही.”

सर म्हणजे फौजेतले मेजर. फौज सोडून रत्नागिरीकडच्या आमच्या कॉलेजात फुटबॉल शिकवायला आले, आणि उतारवयात इथं, कॅम्पाच्या सिक्युरिटीवर. मी त्यांचा कॉलेजातला गोलकीपर. इथं क्रेन चालवतो. त्यांचा मूळचा आवाज काय सांगू! कॉलेजच्या मैदानात ‘लाइन अप’ म्हणाले की खाडीपलीकडच्या म्हशी रांगेत उभ्या राहत. यान्बूत पहिल्यांदा ओरडले तेव्हा तांबड्या समुद्रात एक तेलाचं जहाज थांबलं. कप्तानाला वाटलं, बंदरानं हाक मारली. खोटं वाटत असेल तर जहाजाला विचारा.

तो आवाज गेल्या वर्षी बसायला लागला. आधी म्हणाले, धूळ आहे. मग म्हणाले, एसीनं होतंय. मधाच्या बाटल्या संपल्या, पण आवाज काही परत आला नाही. तेव्हा मला भोंगा म्हणून शेजारी उभं केलं, कारण कॅम्पात माझ्याएवढं तोंड कुणाचं नाही. शेवटी मीच त्यांना ओढत जेद्दाला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर केरळचा. हिंदीत, शांतपणे बोलला. गाठ स्वरयंत्रावर आहे. लवकर आला असतात तर नुसत्या किरणांवर भागलं असतं. आता स्वरयंत्रच काढावं लागेल. काढलं तर जीव बहुतेक वाचेल, आवाज राहणार नाही.

तिथून शराफिया भागातल्या एका हॉटेलात जेवायला गेलो. सरांना भात गिळवेना. वाटीतल्या डाळीचं वरचं पाणी तेवढं प्यायले.

“घरी फोन लाव,” म्हणाले. “सांग, ऑपरेशन करणार नाही.”

“सर, मी आहे की. जन्मभर ओरडेन तुमच्यासाठी.”

“मुक्या माणसाच्या हातात टीम कोण देतो? सांग. आणि वाढवू नकोस.”

हे वाढवण्याचं प्रकरण मला ठाऊक होतं. कॉलेजच्या बसमध्ये एकदाच सांगितलं होतं त्यांनी. डोंगरावरची चौकी, वायरलेस बंद. त्यांनी माणसाकरवी हुकूम धाडला, ‘अंधार पडल्यावर उतरा.’ निरोप्यानं आपल्या काळजीपोटी ‘लवकर’ असं जोडलं. पोरं उजेडातच उतरली. परत आलीच नाहीत. त्यानंतर सर फार दिवस फौजेत राहिले नाहीत.

फोन लावला. सरांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या हातचा दोन पोती तांदूळ तरी मी कॉलेजात असताना खाल्ला असेल.

“काकू! सर एकदम ठणठणीत! परवा तर एकट्यानं अख्ख्या टीमला—”

“तुझं निम्मं वगळूनच ऐकते मी,” काकू म्हणाल्या. “डॉक्टर काय म्हणाला?”

सरांनी हात माझ्या दंडावर ठेवला. चिमटा नाही काढला, नुसता ठेवला. डॉक्टर जे म्हणाला ते मी सांगितलं. मग म्हणालो, “सर म्हणतात, ऑपरेशन करणार नाही.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. काकूंनी गॅस बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाल्या, “हे तू नको सांगूस. फोन त्यांना दे.”

“काकू, त्यांना फोनवर बोलता येत नाही हो.”

“ऐकता येतं ना?”

मी फोन दिला. सर उठून उभे राहिले. वेटरला वाटलं बिल हवंय. तो येऊन उभा राहिला आणि त्यांचं तोंड बघून परत गेला. सर ऐकत होते. डाळीवर साय धरली. मग फोन टेबलावर पालथा ठेवून खाली बसले.

“काय म्हणाल्या काकू?”

सरांनी डाळीची वाटी बाजूला सारली.

“तारीख घे,” म्हणाले.