जीपसमोरची खिडकी

माझ्या मोठ्या मामांइतका निर्लज्ज माणूस सगळ्या यवतमाळ जिल्ह्यात नसेल, आणि हे मी फार प्रेमाने लिहिते आहे. मामा काळी-पिवळी जीप चालवतात. त्यांना एचआयव्ही आहे, हे त्यांच्या जीपमध्ये एकदा बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गोळीची वेळ झाली की ते दारव्ह्याच्या रस्त्यावर गाडी कडेला घेतात आणि मागे वळून म्हणतात, "पाणी द्या बरं कोनी, एचआयव्हीची गोळी घ्याची हाय." शेजारचा माणूस दचकून दाराकडे सरकला की हसतात, "बरं झालं, गिअर टाकाले जागा झाली!" आई कपाळाला हात लावते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, पण आईला काळजी माझ्या लग्नाची. मामा तिला म्हणतात, "काहून लपवू? म्या काय चोरी केली का, बाई?"

त्यांची दुसरी खोड परीक्षकाची. लग्नातली वांग्याची भाजी, एसटीचा कंडक्टर, सप्त्यातले महाराज, सगळ्यांना ते तोंडावर पास किंवा नापास करतात. त्यामुळे ते जिथे गोळ्या घेतात त्या सरकारी केंद्रात सेवेचा दर्जा मोजायला वरून माणसे आली आणि समितीत एक रुग्णही हवा म्हणाली, तेव्हा सिस्टरांनी हसत मामांनाच पुढे केले. त्या केंद्राचे गाव मी मुद्दाम सांगत नाही. मोजता मोजता असे निघाले, की नुसत्या गोळ्या न्यायला आलेल्या माणसाचाही सगळा दिवस बाकावर जातो. मामांनी तोडगा सांगितला, बाहेरच्या भिंतीला खिडकी पाडा. भिंतही त्यांनीच निवडली, जीपा थांबतात त्या जागेच्या अगदी समोरची. "गाडीतून उतरला, गोळ्या घेतल्या, त्याच गाडीनं वापस!" खिडकी झाली. थांबण्याचा वेळ एकदम उतरला. केंद्राच्या साहेबांनी शाबासकी दिली आणि मामांनी सगळ्या केंद्राला आलूबोंडे खाऊ घातले.

मग बाकावर नेहमी त्यांच्याशेजारी बसणारी एक विधवा बाई यायची बंद झाली. ती मुकुटबनकडची. जवळचे केंद्र सोडून एवढ्या लांब यायची, कारण इथे तिला ओळखणारे कोणी नव्हते. सिस्टर फोन करून थकल्या. शेवटी नियमात बसत नसताना त्यांनी तिची गोळ्यांची बाटली मामांकडे दिली. एकट्या पुरुषाने बाईच्या घरी जाणे बरे दिसत नाही, म्हणून मामांनी मला सोबत घेतले.

तिच्या सासूला त्यांनी सांगितले, भाचीसाठी स्थळ पाहत फिरतो आहोत. सासूने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "शिकते म्हनता, मंग पोळ्या कवा लाटते?" असे विचारून ती चहा ठेवायला आत गेली. सून गोठ्याच्या कडेला बसली होती. तिची एकटीची ताटली बाजूला उन्हात वाळत होती.

"आमच्या गावचा एक जन जीपीत बसून व्हता, काका," ती हळूच म्हणाली. "म्या खिडकीत हात घातला अन् त्यानं पाह्यलं. माह्या आंधी घरी पोचला तो."

"ते खिडकी म्याच सांगतली व्हती," मामा म्हणाले.

"असू द्या. बाकावर बसून माही बी कंबर दुखे."

मामांनी बाटली पुढे केली. तिने हात लावला नाही. "पहिली सासूनं चुलीत टाकली. हे कुठी ठेवू?"

"वर छपराच्या कवेलूत ठेव."

"तिथी मामंजी विड्या ठेवतेत."

"गोठ्यात?"

"सासूच झाडते."

"वावरात पुरून ठेव, बाई."

"वावरात नेतच नाई मले आता."

मामा आणखी जागा शोधत अंगणभर नजर फिरवत राहिले. तेवढ्यात सासू चहा घेऊन आली आणि त्यांनी बाटली पुन्हा खिशात घातली.

खिडकी बुजवा म्हणून मामा नंतर साहेबांशी भांडले. साहेब म्हणाले, बुजवली तर थांबण्याचा वेळ पुन्हा वाढलेला दिसेल. खिडकी आहे तिथेच आहे. ती बाई अजून आलेली नाही.

मी वसतिगृहात राहते. माझ्या खाटेखाली पत्र्याची पेटी आहे, तिला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याच गळ्यात असते. त्या अंगणात जाऊन येईपर्यंत इतर मुलींच्या कपाटांपुढे मला ती पेटी फार लहान वाटायची.