मृगातला तेजोमेघ आणि सोमाभाऊची हाक

भूतबित म्हटलं की मी कायम हसत आलोय. शाळेत विज्ञान शिकवतो, हसायलाच हवं! पण ५६-५७ सालच्या पौषातली ही गोष्ट काही केल्या पचत नाही...

चामोर्शीपासून दोन कोसांवर सोमाभाऊंचं शेत. त्या थंडीत मला मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या फोटोचं खूळ लागलं होतं. चांद्याच्या फोटोग्राफर युसूफभाईंकडून टेलिफोटो लेन्स मागून आणली, कॅमेरा शाळेच्या दुर्बिणीच्या पाठीवर बांधला. वीस मिनिटांचं एक्स्पोजर — तेवढा वेळ दुर्बिणीला डोळा लावून, तारा जागचा हलू नये म्हणून स्क्रू हळूहळू फिरवत राहायचा.

मी खळ्यात, काट्यांच्या कुंपणाआड. सोमाभाऊ शंभरेक पावलांवर, कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यांपाशी मचाणावर जागलीला. त्या आठवड्यात वाघाने दोन बैल नेले होते. आमच्याकडे जागलीची रीत अशी — एकाने हाक मारायची, दुसऱ्याने ओ द्यायची. ओ आली नाही तर खाली उतरून बघायला जायचं. सोमाभाऊंनी बजावलंही होतं, "गुरुजी, ओ देत राहा. नाई आली तं मले यावंच लागन."

नऊ वाजता शटर उघडलं. पहिली हाक आली. तोंड उघडलं तर श्वासाची वाफ काचेवर धरेल, म्हणून मी गप्प! मिनिटभराने देऊ म्हटलं... आणि सांगायला लाज वाटते, विसरलोच. पुढच्या दोन हाका कानावर पडल्या, डोक्यात शिरल्या नाहीत.

शटर बंद केलं आणि हाका आठवल्या. सोमाभाऊ उतरले असणार! टॉर्च घेऊन धावलो. वाटेवरच्या धुळीत वाघाची ताजी पावलं... तसाच मचाणाकडे पळालो.

सोमाभाऊ मचाणावर बसून निवांत बिडी ओढत होते. उतरला कसे नाहीत, मी विचारलं.

"काऊन उतरू? तुमची ओ येऊन राह्यली होती ना. तिसऱ्या टायमाले तं तुम्हीच म्हनलं, वाघ हाय, खाली येऊ नोका."

आसपास दुसरं माणूस नव्हतं. वाघ तर मी पाहिलाही नव्हता.

फोटो झकास आला. कुणाला दाखवावासा वाटत नाही.

सकाळी सोमाभाऊंची बायको माझ्या पाया पडली. "गुरुजी, तुमच्यामुळं माझं कुंकू राह्यलं," म्हणाली. मी "असू द्या बाई" म्हणालो. अजून त्यांना खरं सांगितलेलं नाही. ओ कोणी दिली, देव जाणे... मी दिली नव्हती.