कड्यावरची शेवटची जोडी

गिधाडं वाचवण्याचा आराखडा करायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मुळशी तालुक्यातल्या त्या कड्यावर एकच जोडी उरली होती. कडा नेमका कुठला ते सांगत नाही. घरट्याची जागा फुटली की कॅमेरे येतात, आणि कॅमेऱ्यांमागून ड्रोन.

मी बावधनला राहते. सकाळी स्कूटर काढायची, पौडच्या स्टँडसमोर चहा घ्यायचा, माले गाव मागे टाकलं की डांबरी रस्ता सोडून पठाराच्या वाटेला लागायचं. पठारावर धनगरांची चार घरं. त्यातल्या शेवटच्या घराच्या मागून कडा समोर दिसतो, मध्ये खोल दरी. तिथे दुर्बीण लावून बसायची परवानगी मला त्या घरातल्या मावशींनी दिली होती. परवानगी म्हणजे काय, पहिल्या दिवशी त्यांनी एक पोतं आणून टाकलं आणि म्हणाल्या, "बसा. पर म्हशींच्या वाटंत बसू नका."

आराखडा म्हटलं की लोकांना वाटतं नकाशे, तक्ते. आमचं निम्मं काम म्हणजे लोकांच्या ओट्यावर बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं. जनावराला दुखायला लागलं तर ते जुनं इंजेक्शन देऊ नका, दुसरं आहे ते द्या. जुनं दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडांची मूत्रपिंडं जातात. पक्षी मान खाली टाकून बसतो आणि बसल्या जागेवरून पडतो. जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आहे, पण माणसांसाठी तेच बाटलीत मिळतं, आणि म्हैस रात्रभर कण्हत असली की बाटलीवर कोणासाठी लिहिलंय ते कोण बघतो.

ओट्यावर माझ्याबरोबर पौडचे जनावरांचे डॉक्टर यायचे. निवृत्तीला आलेले, तुटक बोलणारे. एकदा एका देवळात सभा घेतली होती. एक आजोबा उठून म्हणाले, "गिधाडं गेली त्ये बरंच झालं की. घरावर बसलं तर घर सोडावं लागायचं." लोक हसले. डॉक्टर म्हणाले, "आता तुमच्या मेलेल्या बैलावर कोण बसतं?" आजोबा म्हणाले, "बैल हाय कुणाकडं? टॅक्टर हाय." पुन्हा लोक हसले. मीही हसले. पण औषध थांबलं तरी गिधाडांना खायला काय, हा प्रश्न आमच्या आराखड्यात होता, आणि त्याच्यापुढची जागा कोरी होती.

त्या हिवाळ्यात जोडीनं अंडं घातलं. आळीपाळीनं दोघं कपारीत बसायची. फेब्रुवारी सरता सरता मादीच्या पोटाखालून करडा लोकरीचा गोळा हलताना दिसला. मी ओरडलेच. मावशी शेणाचे हात घेऊन धावत आल्या, दुर्बिणीला डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. "ल्हान असताना ह्यांचा थवा बघितलाय मी," त्या म्हणाल्या. "म्हस मेली की सांजंपत्तूर नुसती हाडं राहायची. आता कुत्री ओढत्यात, लई घाण करत्यात."

मार्चमध्ये नर यायचा थांबला.

पहिल्या दिवशी मी घाबरले नाही. गिधाडं अन्नासाठी फार लांब जातात, कधी मुक्कामही करतात. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. मादी कपारीच्या काठावर येऊन बसायची, आकाशाकडे बघायची आणि परत पिल्लाजवळ जायची. तो कुठे खाली पडला असेल, विजेच्या तारेवर की एखाद्या मेलेल्या जनावराशेजारी, हे कळायला मार्ग नव्हता. आमचा आराखडा एका तालुक्याचा होता. त्या नराला तालुका कुठे माहीत होता!

मादी निघाली तर पिल्लू उघडं पडणार, बसून राहिली तर दोघं उपाशी. शेवटी ती निघायला लागली. पिल्लू एकटं कपारीत, आणि कावळे शेजारच्या खडकावर.

मी सगळीकडे फोन केले. दोर सोडून कपारीत मांस ठेवता येईल का? या पक्ष्यांवर आयुष्य घालवलेल्या एका बाईंनी शांतपणे सांगितलं, "माणूस दिसला तर पिल्लू कड्यावरून उडी मारेल. आणि मादी परत येईल याची खात्री मी देणार नाही." मग डॉक्टरांनी दोन मेलेल्या शेळ्या मिळवल्या, औषध न दिलेल्या. पठाराच्या टोकाला खडकावर नेऊन ठेवल्या. मादी वर घिरट्या घालायला लागली. ती उतरायच्या आत खालच्या प्लॉटिंगवरची कुत्री आली. आम्ही दगड मारले, ओरडलो, आणि आमच्याच ओरडण्यानं मादीही लांब निघून गेली.

त्याच आठवड्यात मावशींची म्हातारी म्हैस बसली. उठेचना. डॉक्टर आले, दुसरं औषध दिलं, सलाईन लावलं. दुपारपर्यंत ती जरा थांबायची आणि पुन्हा कण्हायला लागायची. मावशींचा मुलगा खालच्या एका फार्महाऊसवर वॉचमन आहे, तो सुट्टी काढून आला होता. तो डॉक्टरांना म्हणाला, "पयलं ते इंजेक्शन द्या की. त्यानं लगेच उतार पडायचा."

"ते देता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

"का? ह्या बाईंच्या पाखरापायी?"

मी तिथेच उभी होते. मावशी म्हशीच्या मानेवरून हात फिरवत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाई, तुमचं पिल्लू उपाशी हाय, खरं हाय. पर ही पण माजीच हाय." माझ्याकडे सांगायला एवढंच होतं की औषध बरोबर आहे, म्हैस म्हातारी आहे, आणि कोणत्याही इंजेक्शननं ती उठणार नाही. हे त्या वेळी बोलायचं नसतं एवढं मला कळलं. मी पाणी आणून दिलं आणि घरी गेले.

सकाळी पोचले तर म्हैस मेली होती. डॉक्टर माझ्याआधी आले होते. आम्ही दोघं एकाच गोष्टीचा विचार करत होतो. पठारावर, कड्याच्या समोर, भलंमोठं ताजं जनावर. कुत्र्यांना एक दिवस काठी घेऊन अडवता आलं असतं. मादी दिवसभर लांब भटकण्याऐवजी इथेच पोटभर खाऊन परत गेली असती.

डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेतलं. "आम्ही गेल्यावर काही दिलंस का? रागावणार नाही. फक्त खरं सांग."

तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. "न्हाई दिलं," म्हणाला. आणि वर, "आन् दिलं असतं तरी सांगितलं असतं का?"

तपासणी करायची सोय तिथे नव्हती. नमुना पाठवून उत्तर यायला जेवढे दिवस लागले असते तेवढे कपारीतल्या पिल्लाकडे नव्हते. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. खोटं असेल तर शेवटची मादीही जाईल. खरं असेल तर आपण तिच्या तोंडचं काढून मातीत घालतोय. मी म्हटलं, "पुरूया." आवाज माझाच होता, पण मला तो कुणा दुसऱ्याचा वाटला.

प्लॉटिंगसाठी केलेल्या रस्त्यानं मुलगाच एका जेसीबीवाल्याला घेऊन आला. खड्डा होत असताना मादी आली. आमच्या डोक्यावर, पंख न हलवता, वर्तुळ काढत राहिली. मावशींनी म्हशीच्या कपाळाला कुंकू लावलं, वर बघितलं आणि म्हणाल्या, "बगतीया ती." जेसीबीवाला हिंदीत विचारत होता, अजून खोल खणू का. डॉक्टरांनी हातानं 'अजून' अशी खूण केली आणि तो खणत राहिला.

पुढचे काही दिवस पिल्लू मान वर करत होतं. मग नुसती चोच वर व्हायची. एका सकाळी कपारीत करडा गोळा तसाच पडून होता आणि वाऱ्यानं त्याची लव हलत होती. मादी शेजारी बसून होती. तिनं त्याला चोचीनं थोडं ढकललं, थांबली, पुन्हा ढकललं. मी दुर्बीण मावशींना दिली नाही आणि त्यांनी मागितलीही नाही. तिसऱ्या दिवशी मादी उडाली. त्यानंतर ती मला दिसलेली नाही.

आराखडा पावसाळ्याच्या आत पुरा करून दिला. दुसरीकडे पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडं पुढेमागे आपल्या भागात सोडायची का, अशी बैठक झाली. मोठ्या टेबलाच्या त्या टोकाकडून एका साहेबांनी विचारलं, "मॅडम, तुमची मुळशी तयार आहे का?" मी नाही म्हटलं. "किती वर्षांत होईल?" मी म्हटलं, सांगता येत नाही. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा तालुका घेतला.

मी अजूनही पठारावर जाते. मावशींनी उरलेल्या म्हशी विकल्या. मुलगा मला ओळख देतो, चहाचं विचारतो. म्हशीचा विषय तो काढत नाही, मीही काढत नाही. मावशींनी मात्र परवा विचारलं, "आता कोण न्हाई कड्यावर, तर तुमी हितं काय बघताया?"

कपारीतली पांढरी विष्ठा पावसानं बरीचशी धुऊन गेली आहे, आणि तिथे आता पारवे बसतात. मी म्हटलं, "पारवे."

"आस्सं," म्हणाल्या, आणि माझ्याशेजारी बसल्या.