गेटवरचा झेंडा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्यालाच सांगितलं नाही, तर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. पिंपरीकडे नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या, आणि आयटीआयच्या मैदानात भरतीचा मेळावा भरायचा — मांडव, ओळीने टेबलं, प्रत्येक टेबलामागे एकेका कंपनीचा साहेब. मी आणि युनूस भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये फिटर होतो. संप झाला, मालकाने टाळं लावलं, आम्ही दोघंही रस्त्यावर आलो.

युनूसच्या वडिलांचं काळेवाडीत गॅरेज होतं. मेळाव्याआधी महिनाभर तिथे त्याने माझ्याकडून कानशीने लोखंड घासून घेतलं. होय, त्यानेच मला तयार केलं. लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांत असे बसवायचे, की उजेडासमोर धरले तर फटीतून उजेड दिसता कामा नये — परीक्षा तीच असायची. त्याच्या तुकड्यांतून कधी दिसला नाही. माझ्या — जाऊ द्या.

परीक्षेत दोघंही पास झालो. मग एकेकाला टेबलाशी बोलावलं. माझा नंबर आधी. साहेबाने कागद चाळले, आणि सहज विचारावं तसं विचारलं, की तुमच्या वर्कशॉपच्या गेटवर युनियनचा झेंडा कुणी लावला होता?

झेंडा मी लावला होता. शिडीवर चढून, सगळ्यांच्या टाळ्या घेत. युनूस त्या दिवशी आईला घेऊन दवाखान्यात गेला होता, तो गेटवर नव्हताच. मला ठाऊक नाही, एवढं म्हणता आलं नसतं का? कुणी दम दिला होता का मला? नाही. मी म्हणालो, "युनूसने, साहेब."

त्याने नाव लिहून घेतलं. बाहेर आलो तर युनूस माझ्यासाठी चहा घेऊन उभा होता. आत काय विचारतात, म्हणाला. मी म्हणालो, विशेष काही नाही.

आठवड्याने फळ्यावर यादी लागली. युनूसने ती बोट फिरवत दोनदा वाचली. माझं नाव होतं, त्याचं नव्हतं. परतताना अर्ध्या वाटेत तो थांबला.

"माझ्या नावानंच घात केला व्हय? खरं सांग."

मला कळलं तो काय विचारतोय. गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला माणूस, असलं त्याच्या मनात तोवर कधी आलं नसावं. मी नाही म्हणू शकलो असतो. मी म्हणालो, "दुसरं काय असणार?"

पहिलं खोटं भीतीपोटी बोललो असेन. पण हे? हे नीट विचार करून बोललो. त्याचा राग मांडवातल्या त्या टेबलाकडे वळला आणि मी सुटलो.

युनूस पुन्हा कुठल्याच भरतीला गेला नाही. त्याच्या धाकट्या भावाने, सलीमने, आयटीआयचा फॉर्म भरून ठेवला होता. युनूसने तो फाडला. आपल्याला घेत न्हाई कुनी, म्हणाला. सलीमचा जन्म गॅरेजात ट्रकांखाली उताणा पडून गेला. मी त्या कंपनीतून मानाने रिटायर झालो.

आम्ही आजही दोस्त आहोत. गेल्या ईदला त्याने जेवायला बोलावलं होतं. सगळं घर समोर बसलेलं, सलीमही. युनूसने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सुनांना म्हणाला, "त्या वक्ताला सगळी गोड बोलत व्हती. या एकट्यानं तोंडावर खरं सांगितलं."

मी शीरखुर्म्याची वाटी पुढे केली. त्याने आणखी वाढला, आणि मी तो खाल्ला.