नाखव्यांची परात

धर्मा नाखवा कुणाचं वायफाय दुरुस्त करायला गेले की आधी बोट ओलं करून हवेत धरत. गुडघे गेले म्हणून होडी सोडलेला हा थळचा माणूस किहीमपर्यंतचे रुसलेले टीव्ही ताळ्यावर आणायचा. त्या बोटाचा उपयोग शून्य, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण त्याशिवाय त्यांना काम सुचत नसे.

एका बाईंनी खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून राउटर स्टीलच्या डब्यात ठेवला होता, वायरीपुरतं भोक पाडून. नाखवा म्हणाले, "वैनी, ज्या डब्यात मुंगी शिरत नाय, त्यातून नेट कसा भायेर येनार?"

आमचं दुखणं मात्र देवाधर्माचं होतं. दसऱ्याला आलेला राउटर आईने हळदकुंकू वाहून, पितळी पत्र्याने मढवलेल्या देव्हाऱ्यात बसवला. पुढे खुब्याचं हाड मोडून ती टीव्हीच्या खोलीत खिळली. परदेशात माझ्या पुतणीचं, मुक्ताचं लग्न. आईला नातीचं लग्न टीव्हीवरच बघायचं होतं, आणि चित्र सारखं गोठत होतं.

"राउटर बाहेर काढू या," मी म्हटलं.

"बसवलेला देव हलवत नाहीत," आई म्हणाली.

मी आशेने नाखव्यांकडे पाहिलं. त्यांनी कानाला हात लावले. "बरोबर हाय आईचं. देव हाय त्यो आता."

मला दोघांचाही राग आला. नाखव्यांनी शांतपणे आमची सर्वांत मोठी अॅल्युमिनियमची परात मागितली आणि देव्हाऱ्याच्या तोंडातून येणारं नेट टीव्हीकडे वळवायला ती पुढे धरून घरभर फिरले. खोलीच्या दारात, डोक्यावर तिरकी धरली तेव्हा चित्र पळायला लागलं. खिळ्याला टांगली, दोरीने बांधली, जमेना. मुहूर्त आला. "ऱ्हातो मीच हुबा," म्हणाले.

टीव्हीकडे पाठ करून हा माणूस दीड तास उभा राहिला. मंगलाष्टकांना आईने पलंगावरून अक्षता फेकल्या. निम्म्या परातीवर वाजल्या. सप्तपदीत त्यांचे गुडघे लटपटले आणि मुक्ता चौथ्या पावलावर थिजली.

"नाखवा, पोरगी अडकली!" आई ओरडली.

"दर्याआई!" म्हणत ते ताठ झाले. मुक्ता पुढे चालली.

विधी आटोपले तेव्हा त्यांचे हात खाली येईनात. मी परात काढून घेतली. आईने मला कपाटातली टॉवेल-टोपी आणायला सांगितली. "मुक्ताला मामा नाही. लग्नात नवरीच्या मागे उभा राहतो तो मामा. हा मान तुमचा, नाखवा."

नाखव्यांनी टोपी घातली. डोळे पुसले. मला आपल्या रागाची लाज वाटली.

"आता नवरी कशी हाय, ती तरी दावा," ते म्हणाले.

त्यांना टीव्हीसमोर बसवलं. चित्र गोठलेलं होतं. मी परात डोक्यावर घेतली आणि दारात जाऊन उभा राहिलो.