हनिफचाचांच्या छातीतली स्प्रिंग

झुबेदाचाचींचा फोन आला तेव्हा बोट बुक होऊन गेली होती. कॅप्टनचा होकार आला होता, ॲडव्हान्स पोचला होता, मी फाइलवर 'कन्फर्म' लिहून चहा मागवला होता.

"बाय, मी फोन केला म्हणून ह्यांना सांगू नको हां," चाची कुजबुजत होत्या. मागे कुकरची शिट्टी झाली. "ह्यांच्या छातीत स्प्रिंग आहे."

"कसली स्प्रिंग?"

"अगो, ती हार्टात बसवतात ना, जाळी. सुट्टीला गावी गेलो तेव्हा पुण्याला नेऊन बसवली. इथे कुणाला ठाऊक नाय."

म्हणजे स्टेंट. सांगणार नाही म्हणाले आणि कप खाली ठेवला. ह्याच माणसाला मी फोनवर विचारलं होतं : हृदयविकार? दमा? फिट्स? मी पुढचा शब्द उच्चारायच्या आत त्यांनी सगळ्याला एकदम उत्तर दिलं होतं, "नाय, नाय, काय नाय. एकदम फिट."

मी रियाधमध्ये अल मलाझला एका ट्रॅव्हल एजन्सीत काम करते. आमची बहुतेक गिऱ्हाइकं सुट्टीला घरी जाणारी आणि उमऱ्याला मक्केला जाणारी. कॅरिबियन क्रूझ वर्षातून एखादी. हनिफचाचा आणि झुबेदाचाची उत्तरेकडच्या हाइलचे. तिकडे गव्हाची मोठमोठी शेतं आहेत, तिथल्या मशीन दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये चाचा फोरमन. मूळ गाव श्रीवर्धनजवळ. मुलगा फ्लोरिडात नोकरीला. त्याने आईबापांना क्रूझची भेट दिली होती. विमानाची तिकिटं आणि बेटावरची एक सहल एवढं आमच्याकडे आलं होतं.

सहलीचं जरा समजावून सांगते. क्रूझचं जहाज एकेका बेटापाशी दिवसभर थांबतं. प्रवासी उतरतात, फिरतात, परत येतात. ह्या फिरण्याला शोअर एक्स्कर्शन म्हणतात. ते जहाजाकडूनच घेतलं तर मोठा घोळका असतो, पण उशीर झाला तर जहाज थांबतं. बाहेरून घेतलं, म्हणजे इंडिपेंडंट, तर आपली छोटी बोट मिळते, पण जहाज कुणासाठी थांबत नाही. इंडियन पासपोर्टवाला बेटावर राहिला की त्याचे हाल सांगायला नकोत. म्हणून आम्ही सहसा जहाजाचीच सहल विकतो.

चाचांना ती नको होती.

"चाळीस माणसांत आमची बायको पाण्यात उतरायची नाय," ते म्हणाले होते. "आमच्या दोघांची वेगळी बोट बघ. आणि ते पाकट दाखवतात ना, तिथेच न्यायचं."

पाकट म्हणजे स्टिंगरे, शेपटीत काटा असलेला चपटा मासा. केमन बेटांजवळ समुद्रात एक वाळूचा उंचवटा आहे. पाणी कमरेएवढं, आणि पाकट माणसाच्या पायात येऊन घुटमळतात. त्याच्या पुढे प्रवाळाचा खडक, तिथे तोंडाला नळी लावून तरंगत खाली बघायचं. त्याला स्नॉर्केलिंग म्हणतात.

"चाचा, पाकटाची शेपटी लागली तर?"

"मला काय सांगतेस? माझ्या बापाच्या पोटरीत काटा घुसला होता. माणूस आठवडाभर गुरासारखा ओरडला. पण मेल्याशिवाय पाकट आमच्या हातात कधी आला नाय. जिवंत कसा लागतो ते मला बघायचंय."

वीस-पंचवीस वर्षं हाइलमध्ये काढलेला दर्यावर्दीचा मुलगा. तिथून कुठल्याही दिशेला गाडी हाणली तरी आधी वाळूच लागते. मी उत्साहाने बोट शोधली. कॅप्टन डेझमंड म्हणून एक माणूस मिळाला. बोट लहान, वेळ सकाळची, जहाज सुटायच्या बरंच आधी परत. त्याने तब्येतीचे प्रश्न पाठवले, मी ते विचारले, आणि चाचांनी मला 'काय नाय' सांगितलं.

मी परकार सरांच्या केबिनमध्ये गेले. सर आमचे मॅनेजर, रत्नागिरीकडचे, माणूस वाईट नाही. सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनी पहिला प्रश्न केला, "हे तुला कोणी सांगितलं?"

"चाचींनी."

"लेखी?"

"फोनवर."

"मग तुला काहीच माहीत नाही. गिऱ्हाइकाने 'नो' सांगितलं, आपण 'नो' कळवलं. खलास."

"सर, माणूस पाण्यात उतरणार आहे."

"उतरू दे. मेघना, समजून घे. आपल्याला माहीत नाही तोवर आपण सेफ. माहीत झालं की जबाबदारी."

"आपण सेफ. आणि ते?"

"हे बघ, तुमच्या घरचे चळवळीतले, पत्रकं वाटायचे, ते ठीक आहे. इथे तिकिटं विकायची असतात."

मला राग आला. आजही येतो. माणसाचा जीव हा आपल्याला माहीत नसलेल्या गोष्टींच्या यादीत टाकून द्यायचा आणि त्याला धंद्याची शिस्त म्हणायचं! मी तसं म्हणाले, जरा मोठ्याने म्हणाले. बाहेरच्या काउंटरवरचा केरळी सहकारी उगाचच प्रिंटर तपासू लागला.

"मग काय करणार आहेस?" सरांनी विचारलं. "कॅप्टनला कळवणार? तो नको म्हणेल. चाचा म्हणतील पोरीने माझी सहल बुडवली. आणि चाचींना तू शब्द दिलायस."

ते मात्र खरं होतं. चाचींनी सांगू नको म्हटलं होतं. आणि एखाद्याच्या छातीतली गोष्ट त्याला न विचारता तिसऱ्याला कळवायची, हेही मला पटत नव्हतं. सांगायचं असेल तर ते चाचांनीच सांगायला हवं होतं.

शनिवारी चाचा तिकिटं घ्यायला हाइलहून आले. इस्त्रीचा शर्ट, हातात खजुराचा डबा. डबा सरांना दिला, खुर्चीवर बसले, म्हणाले, "यल्ला, चल, दाखव काय ते."

मी तिकिटं दाखवली. मग म्हणाले, "चाचा, तब्येतीचं परत एकदा विचारते. हृदयाचा काही त्रास?"

"एकदा सांगितलं ना."

"फोनवर सांगितलंत, घाईत. आता समोर विचारते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खिडकीकडे. मग उठलेच. "झुबेदा बोलली."

मी तिकिटं पाकिटात घालू लागले. हो म्हणणं शक्य नव्हतं आणि नाही म्हणायला जीभ वळत नव्हती.

"कॅन्सल कर. सगळं कॅन्सल कर. बायकोला म्हणालो होतो, मिठाची गुळणी धरून बस."

"चाचा, बसा."

"काय बसा? तुला ठाऊक आहे काय? आमच्यात एक सुभाष होता, वेल्डर. इकाम्याच्या मेडिकलला छातीच्या फोटोत डाग निघाला. दुसऱ्या दिवशी त्याची ट्रंक गेटवर. फायनल एक्झिट, कायमचा घरी. त्याला कुणी सांगितलंसुद्धा नाय डाग कशाचा ते."

"हार्टचं त्या मेडिकलमध्ये बघत नाहीत, चाचा." इकाम्याची, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची, तपासणी मलाही ठाऊक होती.

"वर्कशॉपचा साहेब, मुदीर, तो बघतो ना! ह्याला स्प्रिंग बसवलीय म्हटलं की मशीनवरून काढतो, मग फोरमनवरून काढतो, मग कफीलला सांगतो म्हातारा झाला. व्हिसा त्या कफीलच्या हातात." ते थांबले. दम लागला होता. "बाय, इतकी वर्षं मला सगळ्यांनी विचारलं, तुला काय आजार आहे. बरा करायला एकानेही नाय विचारलं. घरी पाठवायलाच विचारलं."

माझ्या डोक्यात भाषण तयार होतं. जिवापेक्षा सहल मोठी नाही, वगैरे. ते तिथल्या तिथे बाद झालं. माणूस खोटं बोलत होता असं मी समजत होते. त्याला खोटं बोलायला शिकवलं गेलं होतं, आणि शिकवणारे हातात पेन घेऊन माझ्यासारखेच टेबलाच्या ह्या बाजूला बसलेले होते. मी प्रश्न विचारला होता, पण तो का विचारतेय आणि उत्तर कुठे जाणार, ते सांगितलंच नव्हतं.

मग सांगितलं. "हे उत्तर फक्त कॅप्टनला जातं. त्याला तुमचा मुदीर माहीत नाही. कफील म्हणजे काय हेसुद्धा त्याला ठाऊक नसेल."

"नशीबवान माणूस," चाचा म्हणाले आणि बसले.

"तो विचारतो, कारण पाण्यात तुमच्याजवळ तोच असणार. जिभेखालची गोळी घेता ना?"

त्यांनी शर्टाचा खिसा दाबून दाखवला.

"पाण्यात शर्ट असेल का? गोळी जहाजावरच्या खोलीत, तुम्ही समुद्रात. कुणाला ठाऊकच नाही तर आणणार कोण?"

त्यांनी खिसा परत एकदा चाचपला. सर केबिनच्या दारात येऊन उभे होते. चाचांनी त्यांना विचारलं, "काय परकार, तुझं काय म्हणणं?"

सर म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही. मला माहीतच नाही."

चाचा हसले आणि माझा फोन मागितला. "मीच सांगतो त्याला. तू लिहिलंस तर आजारी वाटेन."

त्यांनी व्हॉइस मेसेजसाठी फोन तोंडाजवळ धरला आणि वर्कशॉपमधल्या आवाजात बोलले, "कॅप्टन, धिस इज हनिफ. माय हार्ट, वन स्प्रिंग. फिटेड इन इंडिया. वर्किंग गुड. आय वॉन्ट सी युवर फिश. यू टेल मी यस ऑर नो. नो प्रॉब्लेम."

नो प्रॉब्लेम म्हणताना त्यांचा चेहरा मात्र तसा नव्हता.

कॅप्टनचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. सांगितल्याबद्दल आभार मानले होते. वाळूच्या उंचवट्यावर उभं राहायला हरकत नाही, खडकापाशी पोहायचं तर डॉक्टरांचं पत्र लागेल. आम्ही पुण्याच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहा, नळी लावून दमछाक करून घेऊ नका, गोळी जवळ ठेवा. मी चाचांना कळवलं.

"म्हणजे अर्धा पास," चाचा म्हणाले. "खडकावर मी बोटीत बसायचं, दावणीला बांधल्यासारखं." फोन जरा जोरातच ठेवला. सहल आहे की रद्द, हे मला त्या रात्रीपर्यंत कळलं नाही. मग चाचींचा मेसेज आला : जातोय आम्ही.

सहलीच्या दिवशी तिथली सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ. कॅप्टनचा मेसेज आला, दोघे बोटीत बसले, गोळी स्टिअरिंगशेजारच्या कोरड्या पिशवीत आहे. त्यानंतर काही नाही. मी एका कुटुंबाचं कोचीचं तिकीट काढलं, तारीख चुकली, परत काढलं. जिने उतरून बकाल्यात, खालच्या वाण्याच्या दुकानात गेले, काही न घेता परत आले. माणसाला पाण्यात उभं राहायला मी मदत केली होती. समजा काही झालं असतं, तर सरांचं म्हणणं बरोबर ठरलं असतं, कारण आता आम्हाला माहीत होतं. फोन उलटा ठेवला. सुलटा केला. सर दोनदा बाहेर आले आणि दोनदा म्हणाले, "मी सहज आलो."

इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, अजाननंतर चाचांचा व्हॉइस मेसेज आला. मागे वारा आणि इंजिन.

"बाय, हात लावला! मेलेला पाकट खरखरीत लागतो गो. हा खालून घावनाच्या पिठासारखा मऊ. माझ्या पायावरून गेला, मी हललो नाय. आता ऐक. झुबेदा नळी लावून खडकावर गेलीय. म्हणत होती मी बोटीतच बसेन. आता वर यायला तयार नाय. मी हाका मारतोय, तिला ऐकू जात नाय. कॅप्टन म्हणतो, सर, रिलॅक्स, युवर हार्ट. अगो, रिलॅक्स कसला, बायको पाण्यात आहे माझी!"

ते वेळेत जहाजावर पोचले. गोळीची गरज पडली नाही. काहीच झालं नाही.

"बघ," सर म्हणाले, "काही झालं नाही. एवढा गोंधळ केलास, न सांगता गेले असते तरी असेच परत आले असते."

टळलेली गोष्ट दाखवता येत नाही. आमच्या धंद्यात काही न होणं हाच चांगला निकाल, आणि त्याचं श्रेय कुणाला मिळत नाही.

पुढच्या महिन्यात चाचांच्या ओळखीने हाइलहून तिघं आले. तिघांनाही दुबईच्या क्रूझवर जायचं होतं. एकाला साखर, एकाला दमा, तिसऱ्याचा एक कान बाद. तिघांनी खुर्चीत बसायच्या आधी आजार सांगितले.

"ही ट्रॅव्हल एजन्सी आहे की दवाखाना?" सरांनी विचारलं.

आता मी तब्येतीचा प्रश्न विचारायच्या आधी उत्तर कोण वाचणार आणि त्याचं काय करणार ते सांगते. फोन दोन मिनिटं लांबतो. सरांनी त्यावर हरकत घेतलेली आहे.